विरोधी समोर नसताना

अंगावर धावून आलेल्या माणसाला अडवताना त्याचा जीव गेला, तर अडवणाऱ्याला दोषी धरायचे का? बहुतेक धर्मपरंपरांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे आणि ते बहुतांशी एकाच दिशेने जाते: धरू नये. मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. हल्ला झालेला नाही, हल्लेखोर कोण ते ठाऊक नाही, तो कधी येईल असेही नाही. अशा एखाद्या निवांत दुपारी एक सज्जन माणूस दुकानाच्या काउंटरपाशी उभा राहतो आणि शर्टाखाली कोणाला दिसणार नाही असे पिस्तूल निवडतो. स्वसंरक्षणाला परंपरांनी दिलेली मोकळीक या निवडीलाही लागू पडते का? अमेरिकेत हा प्रश्न आज लाखो घरांचा आहे. फ्लोरिडाने १९८७ साली कायदा करून, अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकाला लपवलेले शस्त्र बाळगण्याचा परवाना द्यायचे ठरवले आणि एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. व्हरमाँटने तर असा परवाना कधी मागितलाच नव्हता. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याचीही गरज उरली नाही. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा एक जुना नियमही रद्द केला. शस्त्र लपवून बाळगायचे असेल तर त्यासाठी खास कारण दाखवा, असे तो नियम सांगत होता आणि त्याचे मूळ १९११ च्या कायद्यापर्यंत जात होते. शेजारच्या न्यू जर्सीनेही आपली तशीच अट लगेच मागे घेतली. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला जे पूर्वी जवळजवळ अशक्य होते, ते आता अर्ज, प्रशिक्षण आणि शुल्क यांच्या टप्प्यात आले आहे. म्हणून हा विचार परक्यांच्या घरचा म्हणून सोडून देता येत नाही.

आधी ही वस्तू नीट पाहू, कारण तिच्या घडणीतच नीतीचा प्रश्न दडलेला आहे. १९८८ साली आलेले ग्लॉक १९ हे या वर्गातले प्रमाण मानले जाते: मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या, रिकाम्या पिस्तुलाचे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. २०१८ च्या सिग पी-३६५ ने दहा अधिक एक अशा अकरा गोळ्या सुमारे अर्ध्या किलोत बसवल्या. २००८ चे रुगर एलसीपी तर पावणेतीनशे ग्रॅमच्या आत राहते आणि पँटच्या खिशात मावते. वजन घटले, नळी आखूड झाली, मूठ बोटभर कमी झाली, की पिस्तूल बाळगणे सोपे होते आणि चालवणे अवघड होते. हलक्या पिस्तुलाचा धक्का हाताला जास्त जाणवतो, पुढची आणि मागची माशी जवळ आल्याने नेम धरताना झालेली बारीकशी चूक लक्ष्यापाशी मोठी होते, आणि अपुऱ्या मुठीवर हात घट्ट बसत नाही. हे नेमबाजांना तोंडपाठ असते. पण त्याचा अर्थ क्वचितच उच्चारला जातो. बाळगणाऱ्याने स्वतःच्या कमरेचा भार जितका हलका केला, तितका धोका त्याने आसपासच्या माणसांवर टाकला. हुकलेली गोळी कुठेतरी जातेच. न्यूयॉर्कच्या पोलिसांचा रँड या संस्थेने अभ्यास केला तेव्हा असे दिसले की १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना त्यांच्या झाडलेल्या गोळ्यांपैकी सुमारे १८ टक्केच लक्ष्याला लागल्या. ही प्रशिक्षित, पगारी, गणवेशातली माणसे होती आणि त्यांच्या हाती खिशातली नव्हे, पोलिसी सेवेची पिस्तुले होती. आठवडाभर ऑफिसात बसणारा आणि वर्षातून दोनदा चांदमारीला जाणारा माणूस खिशातल्या पिस्तुलाने याहून चांगले काही करील, असे गृहीत धरायला आधार नाही.

गोळीच्या निवडीतही हेच आहे, फक्त उलट्या दिशेने. स्वसंरक्षणासाठी पोकळ टोकाची गोळी घ्यावी, असे जाणकार सांगतात. ही गोळी शरीरात शिरल्यावर फुलते, जखम रुंद करते आणि बहुधा आतच थांबते. अशाच फुलणाऱ्या गोळ्या १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात निषिद्ध ठरवल्या होत्या. कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात ब्रिटिशांनी बनवलेल्या गोळ्यांची त्या निर्णयामागे मोठी आठवण होती. सैनिकाला जी वापरू नये असे राष्ट्रांनी ठरवले, ती नागरिकाने वापरावी हा सल्ला वरवर भयंकर वाटतो. पण बाजारपेठेत साधी गोळी एका शरीरातून आरपार जाऊन मागच्या मुलाला लागू शकते. फुलणारी गोळी तो धोका कमी करते. रणांगणात जी क्रूर, ती गर्दीत त्रयस्थाविषयीची काळजी ठरते. याचा अर्थ एवढाच की काउंटरवरची कुठलीच निवड निव्वळ तांत्रिक नसते. आकार, वजन, गोळी, होल्स्टर या प्रत्येकात कोणाच्या तरी देहाचा विचार केलेला असतो किंवा टाळलेला असतो. आणि तो विचार करायला त्या क्षणी हवा तेवढा वेळ असतो.

वेळ असतो, हीच गोष्ट माझ्या मते निर्णायक आहे. स्वसंरक्षणाची मोकळीक परंपरांनी का दिली, ते पाहावे. मनुस्मृती चालून येणाऱ्या आततायीला ठार करण्यास संमती देते, मग तो गुरू असो की विद्वान ब्राह्मण. विज्ञानेश्वराला हे इतक्या सरळ मान्य झाले नाही. चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या आजच्या बसवकल्याणात, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तीत गुरू-ब्राह्मणांच्या संदर्भात त्याचा कल असा दिसतो: आततायीला अडवावे, मारण्याचा हेतू धरू नये, अडवता अडवता चुकून मृत्यू झाला तर राजदंड नाही, प्रायश्चित्तही अल्प. वर्णभेदाची चौकट आज आपण मानत नाही आणि मानूही नये. पण ती बाजूला ठेवली तरी उरते ते सूत्र मोलाचे आहे: हेतू अडवण्याचा, मरण आनुषंगिक. युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने जवळजवळ हेच मांडले. एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, स्वतःचा जीव वाचणे आणि दुसऱ्याचा जाणे. पहिला हेतूत असावा, दुसरा नसावा, आणि बळ गरजेपुरतेच असावे. खासगी माणसाने ठार करण्याचा हेतू धरणे त्याने स्पष्टपणे नाकारले. तो अधिकार लोककल्याणासाठी सत्ता चालवणाऱ्यांचा. त्याच्या आधीच्या ऑगस्टिनला तर खासगी माणसाने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मारणेही पटत नव्हते. अमेरिकेतले प्रशिक्षक आज शिकवतात की गोळी मारण्यासाठी झाडू नका, थांबवण्यासाठी झाडा. ती शिकवण याच परंपरेची वंशज आहे, शिकवणाऱ्यांना ते ठाऊक असो वा नसो. या सगळ्या विचारात एक अट न सांगता धरलेली आहे. समोर कोणीतरी चालून येत आहे, विचाराला उसंत नाही, आणि म्हणूनच घडलेल्या गोष्टीकडे क्षमेने पाहायचे आहे. पिस्तूल निवडताना यातले काहीच नसते.

जैन विचाराने हा फरक अधिक नेमका पकडला आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैन घरांत हिंसेचे चार प्रकार आजही सांगितले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली, घरकामात होणारी, व्यवसायात होणारी, आणि आक्रमकाला तोंड देताना घडणारी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडायची आहे. बाकीच्या तीन त्याला सर्वस्वी टाळता येणार नाहीत हे गृहीत धरले आहे, आणि विरोधी हिंसा त्यातलीच. साधूला मात्र हीही सवलत नाही. ही वर्गवारी मला अतिशय माणुसकीची वाटते, कारण ती गृहस्थाला अशक्य व्रत घालून ढोंगी बनवत नाही. पण तिची एक अट आहे. विरोधी हिंसेला विरोधी लागतो. जो कोणी नाहीच, त्याला तोंड देता येत नाही. विरोधी समोर नसताना, त्याचे नावगाव ठाऊक नसताना, त्याच्यासाठी शस्त्र, गोळी आणि ती झाडण्याचा सराव यांची तयारी केली जाते, तेव्हा ती तयारी विरोधी हिंसेच्या सवलतीत बसत नाही. ती संकल्पाच्या बाजूला झुकते. मी ‘झुकते’ म्हणतो, ‘संकल्पीच आहे’ असे म्हणत नाही, कारण इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो.

आक्षेप असा: बाळगणाऱ्याचा संकल्प सशर्त असतो. ‘हल्ला झाला तर’ हे त्याचे पहिले शब्द असतात. ती अट आयुष्यभर पुरी होणार नाही अशीच त्याची इच्छा असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती पुरी होतही नाही. मग न घडलेल्या, नको असलेल्या गोष्टीचा दोष कसला? मोटारीत पट्टा लावणारा माणूस अपघाताची इच्छा धरत नाही, ही उपमा अशा वेळी हमखास पुढे येते. ती मला टिकणारी वाटत नाही. पट्टा लावलेला विसरला, तुटला, चुकीचा बसला, तरी त्याने शेजारच्या गाडीतल्या माणसाला इजा होत नाही. भरलेले पिस्तूल मात्र अट पुरी व्हायची वाट पाहत नाही. ते रोज, तास न् तास, अटीवाचूनच धोकादायक असते. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेच्या व्याख्येच्या गाभ्याशीच प्रमाद ठेवला आहे: बेसावधपणातून प्राण जाणे. या दृष्टीने पाहिले तर लपवलेले पिस्तूल बाळगणे म्हणजे अखंड अप्रमादाचे व्रत घेणे होय, आणि ते व्रत साधूंनाही जड जाते. २०२३ साली अमेरिकेच्या विमानतळांवरील तपासणीत प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका-पिस्तुले सापडली; त्यातली सुमारे ९३ टक्के भरलेली होती. ‘बॅगेत आहे हे विसरलो’ हेच प्रवाशांचे नेहमीचे उत्तर असते, आणि ते खरे असावे. तेच तर दुःखद आहे. भरलेले शस्त्र जवळ आहे याचा विसर पडणे इतके सामान्य झाले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतील एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला आईच्या पर्समधले पिस्तूल लागले आणि आई जागीच गेली. पर्स लपवलेल्या शस्त्रासाठीच खास बनवलेली होती. आईकडे परवाना होता, तिला शस्त्र चालवायची सवय होती. कुठलाही विरोधी तिथे नव्हता.

सशर्त संकल्पाला आणखी एक धोका आहे, आणि त्याविषयी बोलताना आवाज खाली आणावा लागतो. पिस्तुलाला अट कळत नाही. ते घेतले एका माणसासाठी, आणि वापरले जाते दुसऱ्यावर. पुष्कळदा तो दुसरा म्हणजे घेणारा स्वतःच असतो. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली २६ हजारांहून अधिक आत्महत्येने. कॅलिफोर्नियातल्या कोट्यवधी प्रौढांवर केलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की हँडगन मालकीची असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळजवळ आठपट होते, आणि स्त्रियांत पस्तीसपटीहून अधिक. हा अभ्यास मालकीचा आहे, लपवून बाळगण्याचा नाही, हे मान्य. पण बाळगायला आधी मालकी लागते. निराशेची लाट बहुतेकदा ओसरते. इतर मार्गांनी प्रयत्न करणारे अनेकजण वाचतात आणि पुढे जगतात. पिस्तूल ती संधी फार थोड्यांना देते. शत्रूची कल्पना करून घरात आणलेल्या वस्तूचा हिशेब करताना घरातल्या सर्वांत दुःखी माणसाची सर्वांत वाईट रात्र त्या हिशेबात धरली पाहिजे. काउंटरवर कोणी ती धरत नाही.

आता लपवण्याविषयी. हे शस्त्र नुसते बाळगले जात नाही, दडवले जाते, आणि त्याने नैतिक प्रश्न बदलतो. मनूने युद्धाचे नियम सांगताना कूट आयुधांनी, म्हणजे दडवलेल्या शस्त्रांनी, मारू नये असे सांगितले आहे, आणि तेही विषारी व पेटत्या शस्त्रांच्या निषेधाबरोबर. त्यामागचे कारण मला असे दिसते की उघडे शस्त्र बोलते. ते समोरच्याला सांगते की पुढे आलास तर काय होईल, आणि मागे फिरायची संधी देते. दडवलेले शस्त्र ही संधी हिरावते. ते समोरच्याला अडवत नाही. ते एकतर निरुपयोगी पडून राहते किंवा एकदम प्राणावर येते. शीख कृपाणही पुष्कळदा कपड्याखाली असते, पण अमृतधारी शिखाजवळ ती आहे हे जगजाहीर असते. भारताच्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात तिचा उल्लेख आहे. तिथे काही लपवलेले नसते. या मुद्द्यावर समर्थकांचे उत्तर असे की कोणाकडे शस्त्र आहे हे गुन्हेगाराला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच भितो. लपवण्यातून निःशस्त्रांनाही संरक्षण मिळते. तर्क म्हणून हे उत्तर चांगले आहे आणि १९९८ साली जॉन लॉट यांनी ते आकडेवारीसह मांडले. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये तपासणी करून सांगितले की उपलब्ध पुराव्यावरून असा परिणाम सिद्ध होत नाही. २०१९ साली जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी तर उलटेच दाखवले: असे कायदे केलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, कायदा नसता तर राहिले असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्के अधिक होते. आणि लपवण्याची सोय सज्जनालाच मिळते असेही नाही. ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनातल्या प्रार्थनेत जे बेरेटा पिस्तूल कपड्यांतून बाहेर आले, त्याचे काडतूस आज खिशात मावणाऱ्या अनेक पिस्तुलांत वापरतात तेच आहे. दहा दिवस आधी तिथे स्फोट झाला होता आणि प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी असे पोलिसांना वाटत होते. गांधीजींनी नकार दिला. मारेकरी महाराष्ट्रातून गेला होता. लपवलेल्या शस्त्राविषयी विचार करताना मराठी माणसाने हे विसरू नये.

आणि तरी मराठी वाचक इथे थांबवून विचारील: प्रतापगडाचे काय? १० नोव्हेंबर १६५९ ला शिवाजी महाराजांनी वाघनखे हातात दडवली होती, अंगरख्याखाली चिलखत होते. ती कूट आयुधे नव्हती का? होती. आणि तरीही ती निवड योग्य होती, असे मला निःसंशय वाटते. पण ती योग्य का होती ते पाहावे. विरोधी ठाऊक होता, त्याचे नाव अफझलखान होते, तो फौज घेऊन निघाला होता आणि त्याने वाटेत काय केले होते ते उघड होते. भेट एक होती, जागा एक, माणूस एक. महाराज स्वतःच्या जिवासाठीच नव्हे, रयतेच्या वतीने उभे होते. अक्वायनस ज्याला लोककल्याणाची सत्ता म्हणतो ती त्यांच्याकडे होती. वाघनखे कितीही प्रभावी असली तरी तळहाताच्या पलीकडे पोचत नाहीत. शामियान्याबाहेरच्या कोणाला ती चुकून लागली नसती. यांतली एकही गोष्ट शनिवारी किराणा आणायला कमरेला पिस्तूल लावून निघालेल्या माणसाला लागू पडत नाही. त्याचा अफझलखान म्हणजे दुकानातला प्रत्येक अनोळखी माणूस. प्रतापगडाचा दाखला या वादात माझ्या बाजूने साक्ष देतो: लपवलेले शस्त्र न्याय्य ठरायला विरोधी नावानिशी ठाऊक असावा लागतो.

याहून कठीण आक्षेप प्रत्यक्ष घटनांचा आहे. २९ डिसेंबर २०१९ ला टेक्सासमधल्या व्हाइट सेटलमेंट या गावी चर्चमध्ये एका बंदूकधाऱ्याने दोघांना मारले, आणि सुरक्षेसाठी बसलेल्या एका सभासदाने अवघ्या सहा सेकंदांत त्याला एका गोळीत पाडले. १७ जुलै २०२२ ला इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये बावीस वर्षांच्या तरुणाने अशाच एका बंदूकधाऱ्याला पाडले. तोवर तिघे गेले होते, आणखी कितीतरी जाऊ शकले असते. या माणसांनी जे केले ते चांगले होते. त्याबद्दल मनात किंतु ठेवणे मला अन्यायाचे वाटते. पण चर्चमधल्या त्या दोन मृतांपैकी एकजण स्वतःचे पिस्तूल काढत होता, हेही त्याच घटनेत आहे. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अरवाडात एका नागरिकाने पोलिसाला मारणाऱ्या बंदूकधाऱ्याला आपल्या लपवलेल्या पिस्तुलाने थांबवले, आणि पाठोपाठ आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून ठार केले. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णी तरुणाने मोटार अडवणाऱ्या पोलिसाला आपल्याजवळ शस्त्र असल्याचे सभ्यपणे सांगितले. परवाना त्याच्याकडे होता. काही सेकंदांत तो गोळ्यांनी मेला, आणि पोलीस निर्दोष सुटला. ज्यांच्या कातडीचा रंग आधीच संशय ओढवून घेतो, त्यांच्यासाठी कायद्याने दिलेला हक्क रस्त्यावर तसाच राहतो असे नाही. आपल्या लोकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आणि चर्चमधली ती माणसे एका ठरलेल्या जागेची, ठरलेल्या वेळेची राखण सर्वांच्या माहितीने करत होती. ती पहारेकऱ्याची भूमिका आहे. गर्दीत एकट्याने, कोणालाही न सांगता, स्वतःच स्वतःला पहारेकरी नेमणे ही वेगळी गोष्ट आहे.

दुबळ्यांचे काय, हा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो. पिस्तुलाला मनगटात फारसे बळ लागत नाही. धिप्पाड पुरुषासमोर किरकोळ बाईला जे शस्त्र बरोबरीला आणते ते नाकारणारा माणूस बलवानांची बाजू घेतो, असे म्हणता येते. विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात ५ ऑगस्ट २०१२ ला वंशद्वेष्ट्याने सहाजणांना मारले. तेव्हाचे गुरुद्वाराध्यक्ष हल्लेखोराशी जवळजवळ रिकाम्या हाताने झुंजून मेले. त्यांच्यापाशी पिस्तूल असते तर, हा विचार ज्याच्या मनात येत नाही त्याने या विषयावर लिहू नये. माझे उत्तर नकाराचे नाही, मर्यादेचे आहे. जिचा माजी नवरा तिला ठार मारायची धमकी देतो आहे, कोर्टाचा मनाई हुकूम त्याने दोनदा मोडला आहे, अशा बाईला विरोधी ठाऊक आहे. तिने पिस्तूल बाळगले तर ती विरोधी हिंसेच्या सवलतीत पूर्णपणे बसते, आणि तिला अहिंसेचे प्रवचन देणाऱ्याची मला चीड येते. भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचे झाले तर हिंसेचा सल्ला देईन, असे गांधीजींनीच १९२० साली लिहिले होते. पण सर्वसाधारण भीतीपोटी घरात आलेल्या पिस्तुलाचा हिशेब बायकांच्या बाजूने लागत नाही. कॅलिफोर्नियाच्याच २०२२ मधल्या अभ्यासात, हँडगन असलेल्या माणसाबरोबर राहणाऱ्यांचा खून होण्याचे प्रमाण तशा घरांत न राहणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते, आणि जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सातपट. त्या मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

या सगळ्यात भीती हा खरा विषय आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत प्रामाणिक साक्ष मार्टिन लूथर किंग यांची आहे. जानेवारी १९५६ मध्ये माँटगोमेरीतल्या त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला; कारण अर्थातच वर्ण. त्यांचे विरोधी काल्पनिक नव्हते. माझ्या निकषावर त्यांना पिस्तुलाचा पुरेपूर हक्क होता, आणि तो नाकारणारा अधिकारी अन्यायी होता. तरी पुढे त्यांनी घरातले शस्त्रही काढून टाकले, आणि नंतर लिहिले की घरात बंदूक होती तेव्हा आपण जास्त भ्यालेलो होतो. ती गेल्यावर मृत्यूच्या प्रश्नाला समोरासमोर तोंड द्यावे लागले आणि ते देता आले. किंग यांची वाट सगळ्यांवर लादता येणार नाही. स्वतःचा जीव ओवाळून टाकायचा अधिकार प्रत्येकाला आहे, शेजाऱ्याचा टाकायचा नाही. पण ज्याला खरा धोका होता त्या माणसाचा अनुभव असा असेल, तर ज्याला ठाऊक असा कोणताच शत्रू नाही त्याची भीती पिस्तुलाने शमेल असे मानायला जागा राहत नाही. ती कमरेला लागते आणि त्याच्याबरोबर बाजारात जाते. मग पार्किंगमध्ये मागून येणारी पावले, दार वाजवणारा अनोळखी मुलगा, वाट चुकून अंगणात वळलेली मोटार, या सगळ्यांकडे पाहण्याची नजरच बदलते. जैन विचारात भावहिंसा, म्हणजे मनातली हिंसा, म्हणतात ती हीच, आणि तिच्यासाठी गोळी सुटावी लागत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा आहे. ज्याला विशिष्ट माणसाकडून विशिष्ट धोका आहे, किंवा ज्याने एखाद्या समुदायाच्या संमतीने राखणीचे काम पत्करले आहे, त्याने लपवलेले शस्त्र बाळगणे धर्माच्या दृष्टीने निर्दोष आहे. अशा माणसाने मग निवडही त्याच नीतीने करावी: खिशात मावते म्हणून सर्वांत लहान नव्हे, तर स्वतःच्या हाताला ज्यावर खरोखर ताबा ठेवता येतो ते पिस्तूल, चाप पूर्ण झाकणारे, अंगाला घट्ट बसणारे होल्स्टर, पर्स किंवा मोकळा खिसा नव्हे, शरीरातून आरपार न जाणारी गोळी, नियमित सराव, घरात मूल असेल किंवा मन खचलेले कोणी असेल तर कुलूपबंद पेटी. आणि धोका सरल्यावर ते शस्त्र परत करण्याची तयारी, जी सर्वांत अवघड आहे. ज्याला असा धोका नाही, त्याने बाळगू नये. कायद्याने त्याला हक्क दिला आहे, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. कायद्याने फक्त विचारणे सोडले आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत २०२२ पर्यंत सरकार विचारत असे की तुम्हाला हे कशासाठी हवे. त्या विचारण्याच्या अंमलात पक्षपात होता, हे खरे. प्रश्न मात्र बरोबर होता. तिथल्या मराठी घरांना माझी विनंती आहे की अर्ज भरण्याआधी नवरा-बायकोने समोरासमोर बसून तो प्रश्न एकमेकांना विचारावा, आणि उत्तरात खऱ्या माणसाचे नाव आले नाही तर अर्ज भरू नये.